एसी, डीसी आणि मामूंचं दुकान

गेल्या वर्षी आमच्या घराच्या गच्चीवर सोलर बसवलं. बसवणारा पोरगा हुशार होता. पॅनल लावून झाले, वायरी खाली आणल्या आणि जिन्याखालच्या भिंतीवर त्याने एक करडा डबा ठोकला. म्हणाला, "सर, पॅनलमधून डीसी येतं, घराला एसी लागतं. हा इन्व्हर्टर मधे बसून बदलून देतो. सगळा खेळ याचाच आहे, पॅनल काय, नुसते उन्हात पडलेले असतात."

मला एकदम मामू आठवले. असाच एक डबा त्यांच्याकडे होता, फक्त उलट्या कामाचा.

परतूरला मामूंचं बॅटऱ्या चार्ज करण्याचं दुकान होतं. पत्र्याची खोली, ओळीने मांडलेल्या ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, जीपच्या बॅटऱ्या, ॲसिडच्या वासाने चुरचुरणारे डोळे, आणि कोपऱ्यात एक लोखंडी पेटी. तिला सगळे चार्जर म्हणत. मागून भिंतीतली वायर आत जायची, पुढून लाल आणि काळा असे दोन चिमटे बाहेर यायचे. आत काय होतं, असं मी एकदा विचारलं. मामू चौथीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, "एसी नाचता है, डीसी चलता है. हमारा काम नाचते कू चलाना."

पुढे विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रत्यावर्ती' आणि 'दिष्ट' हे शब्द आले तेव्हा मला काही नवीन शिकायला लागलं नाही. एसी म्हणजे नाचणारी वीज. आपल्याकडच्या तारेत ती सेकंदाला 50 वेळा पुढे जाऊन मागे येते, म्हणजे शंभर वेळा दिशा बदलते. डीसी एकाच दिशेने चालते. बॅटरीला चालणारीच लागते. नाचणारी दिली तर जेवढी आत जाईल तेवढी परत बाहेर येईल, हाती काही उरणार नाही. मग नाचणाऱ्या विजेला एकाच वाटेने कसं काढायचं? शेतकऱ्याला हे चटकन कळतं, कारण त्याच्या विहिरीत पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. विजेचा फूटव्हॉल्व म्हणजे डायोड. असे चार व्यवस्थित जोडले की वीज पुढे आली काय आणि मागे गेली काय, बाहेर पडताना ती एकाच तोंडाने पडते. मामूंच्या आधीच्या चार्जरमध्ये डायोडऐवजी सेलेनियमच्या चौकोनी पत्र्या एकामागे एक ओवलेल्या होत्या. त्यातली एखादी जळाली की असा घाण वास सुटायचा की शेजारचा चहावाला शिव्या देत बाहेर यायचा.

एसी-डीसीचा इतिहास म्हणून आपल्याला सांगतात तो वेगळा. एडिसनने 1882 साली न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजघर सुरू केलं, ते डीसीचं. मग वेस्टिंगहाउस आणि टेस्ला एसी घेऊन आले. भांडण झालं. एसीचा व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने हवा तसा चढवता-उतरवता येतो, म्हणून ती लांब नेता येते. डीसीला तेव्हा ती सोय नव्हती. नायगाऱ्याच्या धबधब्यावर 1895 साली एसीचं वीजघर उभं राहिलं, एसी जिंकली, डीसी हरली, धडा संपला. ही गोष्ट अर्धी आहे. एसी जिंकली हे खरं, पण डीसी गेली कुठे? ट्रामला, लोकलला, लिफ्टला, बॅटरीला, मुलामा देण्याच्या कारखान्याला डीसीच लागत होती. म्हणजे त्या भांडणानंतर जो धंदा सगळ्यात वाढला तो दोघांच्या मधे बसणाऱ्याचा. त्याचा इतिहास कोणी फारसा लिहीत नाही. मामूंची बाजू घेऊन तो थोडा लिहावा असं वाटतं.

आपल्याकडे तो मुंबईत सापडतो. मुंबईत विजेची ट्राम 7 मे 1907 ला सुरू झाली, डीसीवर. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 साली चालू झालं, ते एसीचं. घाटातली वीज एक लाख व्होल्टच्या घरात चढवून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आणली गेली. मग 3 फेब्रुवारी 1925 ला जीआयपी रेल्वेने व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी सोडली. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी तिला निशाण दाखवलं. गाडीच्या डोक्यावरच्या तारेत 1500 व्होल्टची डीसी होती. तीन वर्षांनी, जानेवारी 1928 मध्ये, बीबीसीआयची बोरिवलीपर्यंतची लोकलही त्याच 1500 व्होल्टवर धावू लागली.

डीसीच का? कारण त्या काळची डीसी मोटर गाडीसाठी एकदम योग्य होती. उभ्या गाडीला हलवायला सुरुवातीला जो जोर लागतो तो ती देते, आणि वेग हातात राहतो. पण वीज तर एसी येणार. म्हणजे मुंबईची लोकल धावली ती वीजघर आणि रूळ यांच्या मधल्या सबस्टेशनांच्या जिवावर. तिथे आधी मोठमोठी फिरती यंत्रं होती, त्यांना रोटरी कन्व्हर्टर म्हणत. एका बाजूने एसी घेऊन फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने कॉम्युटेटरवरून डीसी द्यायची. एवढं जड चाक अखंड फिरतं ठेवायचं म्हणजे माणसं लागत: कार्बनचे ब्रश घासून संपतात ते बदलायला, ठिणग्या उडतात त्या बघायला, तेल-पाणी करायला. नंतर पारा आला. अमेरिकेत पीटर कूपर हेविट याने 1902 साली पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर काढला होता. काचेच्या मोठ्या फुग्यात किंवा लोखंडी टाकीत तळाला पारा. ठिणगी पेटली की त्याच्या वाफेतून वीज एकाच दिशेने जाते. काचेच्या फुग्याला हात फुटल्यासारख्या नळ्या असत आणि आत निळसर-जांभळा उजेड नाचत राहायचा. मी त्याचे फोटो आणि चित्रफिती पाहिल्या आहेत. अंधाऱ्या खोलीत असलं काही बघितल्यावर माणसाने पहिल्यांदा दुआच केली असती.

पाऱ्यानंतर सिलिकॉन. चाकही गेलं आणि उजेडही गेला. बोटाएवढा, बशीएवढा मुका तुकडा राहिला. त्याबरोबर सबस्टेशनातली बरीच माणसंही गेली.

आता गंमत बघा. रेल्वेने 1957 साली ठरवलं की यापुढे नवे मार्ग 25,000 व्होल्टच्या एसीवर करायचे. हिशोब साधा आहे. एक मेगावॉट वीज 1500 व्होल्टवर द्यायची तर साडेसहाशेहून जास्त अँपिअर लागतात. 25,000 व्होल्टवर चाळीस पुरतात. तार बारीक चालते, सबस्टेशनं लांब लांब ठेवता येतात. पण त्या एसी इंजिनांच्या पोटात मोटर कुठली होती? डीसीची. रेक्टिफायर सबस्टेशनातून उचलून इंजिनात बसवला होता, एवढाच फरक. मुंबईत मात्र जुनी 1500 ची तार तशीच राहिली, आणि भुसावळकडून येणारी एसी इगतपुरीला येऊन थांबायची. मनमाडहून मुंबईला जाणाऱ्या विजेच्या गाड्यांचं इंजिन तिथे बदलायचं. इगतपुरीच्या वड्यांची कीर्ती या थांब्याने किती वाढवली याचा हिशोब कोणीतरी करायला हवा. पश्चिम रेल्वेवर ही वेस विरारला होती.

मुंबईचं डीसी काढायला बरीच वर्षं लागली. पश्चिम रेल्वे 2012 च्या फेब्रुवारीत मोकळी झाली, मध्य रेल्वेची मुख्य लाइन 2015 च्या जूनमध्ये, आणि हार्बरवर शेवटची डीसी लोकल 9 एप्रिल 2016 च्या रात्री धावली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, डीसी युगाचा अंत. पण 2007 पासून ज्या नव्या लोकल आल्या होत्या त्यांच्या मोटरी आधीच एसीच्या होत्या. तारेत डीसी होती तेव्हा गाडीत बसलेला इन्व्हर्टर तिची एसी करत होता. मग तारेत एसी आली, तर गाडी आता काय करते? आधी तिची डीसी करते आणि मग त्या डीसीची पुन्हा तीन फेजची एसी. वेग वाढवायचा तर एसीचं नाचणं कमी-जास्त करावं लागतं, आणि त्यासाठी तिला एकदा सपाट करून पुन्हा नाचवणं हाच मार्ग. तेव्हा युग कुणाचंच संपलं नाही. तारेवरून डीसी उतरली ती गाडीच्या पोटात जाऊन बसली.

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया करतात, त्या भट्ट्यांचंही हेच. इंडक्शन भट्टीला आपली 50 वाली वीज चालत नाही, तिला शेकड्यांत नाचणारी लागते. मग तिथेही 50 ची डीसी आणि डीसीची शेकड्यांतली. जालन्याच्या सळया देशभर जातात. त्या प्रत्येकीतलं लोखंड या मधल्या डब्यातून आलेल्या विजेनेच वितळलेलं असतं.

परतूरला यातलं काही नव्हतं. आमची रेल्वे निजामाच्या काळातली, हैदराबाद-गोदावरी व्हॅलीची, 1900 च्या आगेमागे टाकलेली मीटरगेज. ती नव्वदच्या दशकात रुंद झाली, पण इंजिन डिझेलच. मी शाळेत असताना, 1 मे 1981 ला, आमचा जिल्हा बदलला, परभणीचे आम्ही जालन्याचे झालो, तरी वीज येण्या-जाण्याच्या वेळा काही बदलल्या नाहीत. मामूंचा धंदा मात्र त्यामुळेच चालला. भाड्याच्या बॅटऱ्या ही त्यांची दुसरी कमाई. लग्नाच्या बँडला, जागरण-गोंधळाला, मंडळाच्या गणपतीला, उरुसाच्या कव्वालीला, प्रचाराच्या जीपला, सगळ्यांना बारा व्होल्टची बॅटरी इथून जायची. मशिदीच्या अँप्लिफायरला मागे दोन खाचा असतात, एक भिंतीच्या विजेची आणि एक बॅटरीची. रमजानमध्ये सहरीच्या वेळी वीज नसली तरी अजान व्हायची ती दुसऱ्या खाचेवर. वहीत नावं एकाखाली एक असत, गणपती मंडळ, जामा मशीद, अमुक पक्ष, तमुक बँड, आणि समोर जमा-बाकी. यातून कोणी एकोप्याचा धडा काढेल तर मामू हसले असते. त्यांच्या मते सगळ्यांत वाईट गिऱ्हाइक मशिदीची कमिटी, कारण तिथे पैसे मागायची लाज वाटायची, आणि त्याच्या खालोखाल मंडळ, कारण ते विसर्जनानंतर सापडायचंच नाही.

मग 2005 च्या आसपास लोडशेडिंगची खरी वर्षं सुरू झाली. राज्यात मागणी वाढत गेली आणि निर्मिती तेवढी वाढली नाही. दाभोळचा मोठा प्रकल्प 2001 सालीच बंद पडला होता. तालुक्याच्या गावांत दिवसाचे कितीतरी तास वीज नसे आणि खेड्यांत त्याहून जास्त. मुंबई शहर यातून वगळलेलं होतं. आमच्याकडे प्रत्येक घरात, दुकानात, दवाखान्यात इन्व्हर्टर आले. वीज असेल तेव्हा एसीची डीसी करून बॅटरीत भरायची, नसेल तेव्हा डीसीची एसी करून पंखा फिरवायचा. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड. फूटव्हॉल्व लावून नाच थांबवता येतो. चालणाऱ्याला नाचवायचं तर सतत दार उघड-बंद करणारं कोणी लागतं. स्वस्त इन्व्हर्टर हे काम धसमुसळेपणाने करायचे, नुसतं एकदम पुढे, एकदम मागे. म्हणून पंखे घुरघुरायचे आणि ट्यूब फडफडायच्या. मामूंनी साठाव्या वर्षी सोल्डरिंग हातात घेतलं आणि इन्व्हर्टर दुरुस्त करायला शिकले. जळालेले ट्रान्झिस्टर त्यांनी एका डब्यात साठवले होते. डबा हलवून म्हणायचे, "ये सब नाचते नाचते मरे."

त्याच वर्षांत मला चंद्रपूर-पडघे लाइनबद्दल पहिल्यांदा कळलं, आणि तेव्हा जे वाटलं ते अजून पुरतं गेलेलं नाही.

चंद्रपूरला कोळसा आहे, म्हणून तिथे मोठं औष्णिक केंद्र झालं; 1997 पर्यंत त्याची क्षमता 2340 मेगावॉट झाली होती. विजेची भूक मात्र पश्चिमेला, मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात. मधे सगळा महाराष्ट्र आडवा. नेहमीच्या एसी लाइनी होत्याच, पण एवढ्या लांबवर एवढी वीज एसीने ढकलायची तर तारच बरीच शक्ती स्वतःच्या नाचण्यात खाते, आणि दोन टोकांचं पाऊल चुकलं तर सगळी यंत्रणा डगमगते. म्हणून वीज मंडळाने तिथे डीसी लाइन टाकली, 1999 साली ती सुरू झाली. एका तारेवर अधिक पाच लाख व्होल्ट, दुसरीवर उणे पाच लाख, लांबी 752 किलोमीटर, क्षमता 1500 मेगावॉट. एबीबी आणि भेल यांनी ती बांधली. चंद्रपूरच्या टोकाला एसीची डीसी होते. भिवंडीजवळ पडघ्याला डीसीची पुन्हा एसी होते. दोन्ही टोकांना उंच दालनांत थायरिस्टरचे मनोरे उभे आहेत. मामूंच्या पेटीतले चार फूटव्हॉल्व म्हणजे याच घराण्यातले, फक्त इथे हजारो, आणि हुकमाशिवाय न उघडणारे. एक तार बंद पडली तरी दुसरीवर निम्मी वीज जाऊ शकते.

एडिसन ज्या कारणाने हरला, की डीसी लांब नेता येत नाही, त्याच कामात डीसीच सरस ठरली. कारण मधला डबा सुधारला. हे आधी स्वीडनने करून दाखवलं होतं: गॉटलँड बेटाला 1954 साली समुद्राखालून डीसीने वीज दिली गेली, तेव्हा पाऱ्याचे व्हॉल्व होते. आपल्याकडे चंद्रपूरजवळच भद्रावतीला आणखी एक जागा आहे जिथे लाइनच नाही, दोन्ही डबे पाठीला पाठ लावून बसवले आहेत. पश्चिमेचं आणि दक्षिणेचं ग्रिड तेव्हा वेगवेगळ्या ठेक्यावर नाचत होतं. थेट जोडता येत नव्हतं, म्हणून मधे डीसी ठेवून हात मिळवले.

आता नकाशा घ्या आणि चंद्रपूर ते पडघे पट्टी ठेवा. पट्टी जवळजवळ परतूरवरूनच जाते. खरी लाइन अशी पट्टीने जात नाही. सरळ अंतर साडेसहाशेच्या आतबाहेर आहे आणि लाइन 752 किलोमीटर, म्हणजे ती भरपूर वळणं घेते. पण कुठूनही गेली तरी तिचा एक स्वभाव पक्का आहे: दोन टोकांची डीसी लाइन मधे थांबत नाही. एसी लाइनवर कुठेही सबस्टेशन टाका, ट्रान्सफॉर्मर लावा, वीज खाली उतरवा. डीसी लाइनमधून वीज काढायची तर तिथे तसाच करोडोंचा, दालनभर थायरिस्टरचा डबा बांधावा लागेल. ईशान्येकडून आग्र्याला जाणाऱ्या लाइनवर पुढे असा मधला थांबा खरोखर बांधला गेला, पण तो अपवाद. म्हणजे मराठवाड्याच्या डोक्यावरून वीज गेली तरी ती एक्स्प्रेस आहे, पॅसेंजर नाही.

लोडशेडिंगच्या एका रात्री गच्चीवर बसून मी हे मामूंना सांगितलं. आवाजात राग होता. आपल्या वरून जाते आणि आपण अंधारात. मामूंनी शांतपणे विचारलं, ती तार नसती तर तीच वीज मुंबईला दुसऱ्या तारांनी गेली असती की नाही? गेली असती. मग त्या दुसऱ्या तारांवर आपलीही वीज येते ना? येते. मग ही तार असल्याने त्या मोकळ्या झाल्या की नाही? मी गप्प. राग चुकीच्या जागी होता हे मला मान्य करावं लागलं. वीज कमी होती, आणि कमी असलेली कुणी किती खायची हे ठरवताना परतूरचा नंबर खाली होता. तो निर्णय तारेचा नव्हता. तार बिचारी सांगितलेलं काम करते. पण राग तारेवर काढणं सोपं असतं, कारण ती दिसते. यादी दिसत नाही. यादीत खाली असण्याचा अनुभव आमच्या मोहल्ल्याला इतर बाबतींतही आहे, म्हणून कदाचित मला तो राग लवकर आला.

आता परतूरच्या स्टेशनवरही 25,000 व्होल्टची तार आहे. मुंबई-जालना वंदे भारत 30 डिसेंबर 2023 ला सुरू झाली, नंतर ती नांदेडपर्यंत नेली, म्हणजे परतूरवरून जाते. तिच्या पोटात तेच, एसीची डीसी, डीसीची एसी. गावाबाहेर शेतांत सोलर पंप आलेत; पॅनलची डीसी, खांबावरचा कंट्रोलर, आणि बऱ्याच ठिकाणी विहिरीत एसीची मोटर. तिचा फूटव्हॉल्व मात्र अजून तोच.

मामू जाऊन सहा वर्षं झाली. बंद डब्याच्या, पाणी न लागणाऱ्या बॅटऱ्या आल्या तेव्हाच दुकानाची कळा गेली होती. ते आता मामेभावाकडे आहे. इशाच्या नमाजनंतर तिथे चार-पाच ई-रिक्षा येऊन लागतात आणि रात्रभर चार्ज होतात. नवे चार्जर छोटे आहेत, आवाज करत नाहीत, वासही नाही. लोखंडी पेटी त्याने काढलेली नाही. तिच्यावर वह्या ठेवतो.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, दुकानाच्या पत्र्यावर पॅनल टाकतोय, पॅनलची डीसी आणि रिक्षाची बॅटरीही डीसी, मग सरळ जोडलं तर मधला इन्व्हर्टर वाचेल ना? मी म्हटलं, इन्व्हर्टर वाचेल, पण पॅनलचा व्होल्टेज उन्हाबरोबर खालीवर होतो, बॅटरीला तो ठरावीक लागतो. म्हणजे जुळवून घेणारा एक डबा मधे लागेलच.

"कितीला मिळतो?"

मी किंमत सांगितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रहने दो. मैं बनाता."